कापलेला कफ आणि बाबांचं घड्याळ

बेळगावात खोली शोधत फिरणाऱ्या एकट्या मुलीला घरमालक काय काय विचारतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. आधी आडनाव विचारतात, मग आडनावाचा नीट उलगडा व्हावा म्हणून गाव विचारतात, आणि मग खोली कालच गेली असं सांगतात. शहापुरातल्या या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढून ते माझ्या डाव्या मनगटावर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हे घड्याळ तू घेतलंस का कुणी दिलं?"

गुलाबी पट्ट्याचं, डायलमध्ये चमचमणारे खडे असलेलं ते घड्याळ मैत्रिणींनी वाढदिवसाला दिलं होतं. तसं मी सांगितलं.

"मग हरकत न्हाय. स्वतः घेतलं असतंस तर इचार करावा लागला असता," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची, मीही म्हणू लागले. हायस्कूलमध्ये जन्मभर चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते. फळं, माठ आणि पाण्याचा तांब्या काढायला शिकवण्यात उभं आयुष्य गेल्यामुळे असेल, पण कुठलीही वस्तू दिसली की ती दुसऱ्या वस्तूशेजारी शोभते की नाही, एवढंच त्यांच्या डोळ्यांना दिसायचं. माणसाचं मनगट आणि त्यावरचं घड्याळ हा तर त्यांचा खास प्रांत होता. घड्याळाच्या आतली चाकं कशी फिरतात याची त्यांना काडीचीही माहिती नव्हती आणि ती करून घ्यायची इच्छाही नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की, माठ काढायला कुंभार व्हावं लागत नाही.

गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, कुणाचा मुलगा परदेशी निघाला, की घड्याळ घ्यायला सोबत म्हणून आप्पांना न्यायचं असा रिवाज पडून गेला होता. त्यांची पद्धत मात्र जगावेगळी होती. ते आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापायचे, तिच्यावर पेन्सिलीनं काटे काढायचे आणि ती दोऱ्यानं गिऱ्हाइकाच्या मनगटाला बांधून द्यायचे. ही पुठ्ठ्याची डायल आठवडाभर वापरायची, तिच्यासकट जेवायचं, नमस्कार करायचा, बसच्या दांडीला धरून उभं राहायचं. मनगटावरून ती डोळ्यात खुपली तर पुढची चकती जरा लहान. चकतीवर काटे नेहमी साडेचारचेच असायचे. साडेचारला शाळा सुटते, आणि ज्या वेळेला शाळा सुटते त्याहून देखणी वेळ घड्याळात होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

पुठ्ठा पास झाला की मग खडेबाजारची वारी. त्या वेळी त्यांच्या कापडी पिशवीत एक अजब वस्तू असायची. आपल्याच एका जुन्या, पांढऱ्या शर्टाचा बाहीपासून कापलेला कफ, बटणासकट. दुकानदारानं घड्याळ हातात बांधलं, की आप्पा वरून तो कफ चढवायचे, बटण लावायचे आणि म्हणायचे, "आता हात वर कर. आता खाली." घड्याळ कफाखाली गुपचूप गेलं आणि गुपचूप बाहेर आलं तर ठीक. अडकलं की आप्पा ते काढून परत काचेवर ठेवायचे. बाजारातले दुकानदार त्यांना लांबून येताना बघूनच, आज कफ आणलाय का, असं कन्नडमध्ये विचारायचे आणि आप्पाही कन्नडमध्येच, तुझं घड्याळ जाड आहे हे तुला आधीच कळलेलं दिसतंय, असं सुनवायचे.

आणि या माणसाच्या स्वतःच्या मनगटावर काही नव्हतं. घड्याळाचा पांढरा वळसुद्धा नव्हता.

त्यामुळे व्हायचं काय, की आप्पा रस्त्यात माणसांना अडवून वेळ विचारायचे. भाजी घेताना, बँकेच्या दारात, देवळाच्या पायरीवर. समोरचा घाईत असला तरी थांबून, मनगट वळवून सांगायचा. आप्पा ऐकायचे, मान डोलवायचे आणि काही काम नसल्यासारखे सावकाश पुढं जायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, याची भयंकर लाज वाटायची. घरात भिंतीवर घड्याळ आहे, खिशात मोबाईल आहे, पण आमच्या ह्यांना वेळ रस्त्यावरचीच लागते, असं त्या मला पोळ्या लाटता लाटता सांगायच्या. मी वकील, त्यातून नवी नवी, त्यामुळे एकदा मी आप्पांची रीतसर उलटतपासणी घेतली. सगळ्या गावाला घड्याळं निवडून देता, मग स्वतः का घालत नाही? त्यांनी शांतपणे सांगितलं की अजून मनासारखं मिळालं नाही. मला ते पटलं नाही, पण साक्षीदार पक्का होता.

आमच्या कोर्टातल्या एका सीनियर वकिलांनी त्या सुमारास एक घड्याळ घेतलं होतं. पोह्याच्या बशीएवढं, सोनेरी, आणि मोठ्या डायलच्या पोटात आणखी तीन छोट्या डायली. ते वकील एकदा मला गाडीतून घरी सोडायला आले आणि आप्पा नेमके फाटकात. वकीलसाहेबांनी हात बाहेर काढून मुद्दाम मनगट दाखवलं. आप्पांनी कौतुकानं बघितलं, चहाला बोलावलं, आणि गाडी गेल्यावर मला म्हणाले, "चार माणसांत घड्याळानं खोकू नये गं. ह्याचं तर खॉकखॉक खोकतंय." तेव्हापासून मला कोर्टात ते वकील उभे राहिले की खोकला ऐकू येतो आणि हसू आवरत नाही.

मला आप्पांची खरी गरज पडली ती माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा. घड्याळ बहिणीसाठी नको होतं, बाबांसाठी हवं होतं.

माझे बाबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तंबाखूनं ठासलेले बोद उचलण्यात, चाळण्यात, भरण्यात त्यांची उमर गेली. वखारीत वेळ सांगायला भोंगा होता आणि भोंग्यानंतर मुकादम होता, त्यामुळे त्यांना घड्याळ कधी लागलंच नाही. पण मी वकिलीची पदवी घेतली त्या दिवशी फोटो काढायला म्हणून ते शेजारच्या पैलवानाचं घड्याळ मागून घालून आले होते. ते त्यांना सैल होत होतं, पार तळव्यापर्यंत घसरत होतं. म्हणून त्या फोटोत बाबा डावा हात छातीशी वर धरून उभे आहेत, शपथ घेत असल्यासारखे. तो फोटो माझ्या टेबलावर असतो. सगळ्यांना तो गमतीदार वाटतो. मला त्यात ते मागून आणलेलं घड्याळच दिसतं. बहिणीच्या लग्नातल्या फोटोत बाबांच्या हातात त्यांचं स्वतःचं घड्याळ असावं आणि हात खाली मोकळा असावा, एवढंच मला हवं होतं.

अडचण दोन प्रकारची होती. एक म्हणजे माझी कमाई. वकिलीच्या पहिल्या वर्षांत पक्षकार चहा पाजतात, फी नंतर देतो म्हणतात. दुसरी अडचण बाबांची. आमच्या घरी आलेली प्रत्येक चांगली वस्तू ते कपाटात ठेवून देतात. मी दिलेली शाल कपाटात, पेन कपाटात, चपला खोक्यासकट कपाटात. विचारलं की म्हणायचे, लगीनकार्याला काढू. आणि लगीनकार्य आलं की एवढ्या गर्दीत कशाला, असं म्हणून परत आत.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. पैशाचं ऐकून ते म्हणाले की घड्याळाला पैसे गेलेले कळले पाहिजेत, पण झोप जाऊ नये, अशी घड्याळं बाजारात भरपूर आहेत. कपाटाचं ऐकून मात्र ते उठले आणि पुठ्ठा शोधायला आत गेले.

साडेचारची चकती घेऊन मी निपाणीला गेले. बाबांच्या मनगटाला ती बांधायला आप्पांनी दिलेला दोरा पुरला नाही, वखारीतलं मनगट ते. आई बिड्या वळत बसली होती. तिनं बिडी बांधायच्या दोऱ्याचा एक लांब तुकडा तोडून दिला आणि हे काय करणी-भानामती चाललीय का, असं विचारलं. हा फक्त मापासाठीचा पुठ्ठा आहे, आठवडाभर ठेवा, असं मी बाबांना समजावलं. ते उठले आणि पुठ्ठ्यासकट चहाच्या टपरीवर गेले. आठवड्यानं बहिणीचा फोन आला की बाबा पुठ्ठा काढायलाच तयार नाहीत. टपरीवर लोकांनी वेळ विचारली की मनगट पुढं करून साडेचार म्हणतात आणि सगळे खदखदून हसतात. घाम लागून पुठ्ठ्याच्या कडा मऊ झाल्या होत्या, तर त्यांनी त्यावर चिकटपट्टी मारून घेतली होती.

इकडं खडेबाजारात आमची दोघांची वादावादी सुरू होती. मला आकडे हवे होते, आप्पांना नुसत्या बारीक रेघा. मला तारीख दाखवणारी खिडकी हवी होती. ते म्हणाले, "तारखा द्यायला तुझं कोर्ट हाय की. घड्याळात कशाला?" दुकानदार पाण्यात खोलवर चालणारं एक दणकट घड्याळ दाखवत होता, त्याला आप्पांनी विचारलं की हिचे बाबा काय राकसकोपच्या धरणात बुडी मारणार आहेत का. सोनेरी नको, कारण सोनेरी घड्याळ बाबांना दागिना वाटेल आणि दागिना कपाटात जातो. काळी डायल नको, पांढऱ्या शर्टावर ती एकटी पडते. शेवटी एका कोपऱ्यात, कुणी न मागितल्यामुळे मागं राहिलेलं एक घड्याळ निघालं. पोलादी, पातळ, सायीच्या रंगाची डायल, रेघा नाजूक, सेकंदकाटा नाहीच, आणि साधा तपकिरी चामड्याचा पट्टा. आप्पांनी ते माझ्या हातात बांधलं, कफ चढवला, बटण लावलं. मी हात वर केला, खाली केला. घड्याळ आत गेलं आणि बाहेर आलं, आवाज नाही की अडकणं नाही. आप्पा एकदम हळू आवाजात म्हणाले, "हे घे." किंमत माझ्या आवाक्यातली होती. थोडं दुखलं, पण झोप गेली नाही.

बाबांनी ते हातात घेतलं, खूप वेळ बघितलं. आकडे कुठं गेले, एवढं विचारलं. मग मऊ फडक्यानं काच पुसली, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. मनगटावर पुठ्ठा तसाच.

मी बेळगावला परत आले ती तोंड पाडून. मला वाटलं होतं आप्पा चिडतील. त्यांनी फक्त विचारलं की वखारीत वेळ कोण सांगायचं. भोंगा, मी म्हटलं, आणि मुकादम.

"मग त्यांना आजवर वेळ ऐकायची सवय गं," ते म्हणाले. "सांगायची कुणी संधीच दिली न्हाय. तुझ्या बाबांचा नंबर दे बघू."

पुढचं मला बहिणीनं सांगितलं. सकाळी सकाळी आप्पांचा फोन आला. ओळखपाळख झाली, तंबाखूचं कसं काय झालं, मग आप्पांनी विचारलं की तुमच्याकडे किती वाजले. बाबांचा मोबाईल कानाला. त्यांनी सवयीनं डावं मनगट वळवलं आणि मोठ्यानं म्हणाले, साडेचार. आई हसून हसून बिड्यांच्या सुपावर कलंडली. पलीकडून आप्पांनी शांतपणे विचारलं, सकाळचे का?

दुसऱ्या दिवशी परत फोन. या वेळी बाबांनी भिंतीवरचं घड्याळ बघून सांगितलं. पण ते घड्याळ, कुणाची शाळा-कॉलेजची बस चुकू नये म्हणून, कैक वर्षं मुद्दाम पुढं ठेवलेलं. किती पुढं याच्यावर घरात एकमत नाही. आप्पा म्हणाले, "असं करू नका बघा. माझ्याकडं घड्याळ न्हाय. लग्नादिवशी मी तुमच्या टाईमावर घर सोडणार. तुम्ही चुकलासा तर मी चुकलो."

हे बाबांना लागलं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. बाबासाहेबांनी दिलेली वाट धरल्यापासून पंचांग आमच्या घरातून गेलं. पण म्हणूनच पत्रिकेत छापलेली वेळ पाळायची, यावर बाबांचा फार कटाक्ष. "आपल्यात मुहूर्त न्हाय, पर टाईम हाय," असं ते माझ्या लहानपणापासून सांगत आले होते. बहिणीच्या पत्रिकेवर त्यांनी स्वतः उभं राहून 'ठीक अकरा' छापून घेतलं होतं. आता एक अख्खा मास्तर त्यांच्या भरवशावर बेळगावातून निघणार होता. तिसऱ्या दिवशी फोन यायच्या आधी बाबांनी कपाट उघडलं, घड्याळ बांधलं आणि खुर्चीत वाट बघत बसले. वेळ अगदी बरोबर सांगितली. फोन ठेवला, घड्याळ काढलं, फडक्यानं पुसलं, कपाटात.

लग्नापर्यंत हे असंच चाललं. म्हणजे फोनपुरतं घड्याळ बाहेर येत होतं, पण ते लग्नात हातावर असेल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. विचारलं असतं तर बाबा नक्की नाही म्हणाले असते, म्हणून बहिणीनं आणि मी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी बाबा कार्यालयाच्या दारात उभे होते. नवा पांढरा शर्ट, पूर्ण बाही, दोन्ही कफांची बटणं लावलेली. आणि मला काहीच दिसेना. आप्पांनी निवडलेलं घड्याळ इतकं पातळ, की ते कफाखाली असलं तरी कळणार नव्हतं आणि नसलं तरी कळणार नव्हतं. मी पाहुण्यांना बसवत होते, भंतेजींसाठी आसन बघत होते, वऱ्हाडाला पाणी देत होते, आणि सारखी माझी नजर त्या डाव्या कफावर. नवऱ्याकडच्या एका काकांनी अर्धा तास इकडं तिकडं झालं तर काय बिघडतंय असं सुचवलं, तेव्हा बाबांनी मान हलवली. हात हलवला नाही.

आप्पा आणि काकू रिक्षातून उतरले. बाबा आणि आप्पा एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते, पण दोघांना ओळख पटायला वेळ लागला नाही. आप्पांची नजर आधी मनगटावर गेली, हे मी लांबून पाहिलं. बाबांनी नमस्कार केला, मग शर्टाच्या खिशातून मऊ पडलेला, चिकटपट्टी लावलेला पुठ्ठा काढला आणि आप्पांच्या हातावर ठेवला.

"मास्तर, हे तुमचं. बंद पडलंय."

"मग आता किती वाजले?" आप्पांनी विचारलं.

बाबांनी डाव्या कफाचं बटण काढलं, बाही सावकाश वर सरकवली. सायीच्या रंगाची डायल उजेडात आली. "अकराला पाच कमी. चला, बसून घ्या. आपलं वेळेवर व्हतंय."

अकराच्या ठोक्याला त्रिशरण सुरू झालं. मला आनंदानं रडू येत होतं आणि लोकांना वाटत होतं बहिणीसाठी रडतेय. फोटो काढताना बाबांचा हात खाली होता, मोकळा.

त्या दिवशी आप्पांनी बाबांना किती वेळा वेळ विचारली याला गणती नाही. जेवायच्या आधी, जेवताना, पान खाताना. मध्ये काकूंनी कोपर मारला तरी थांबले नाहीत. दर वेळी बाबा बाही वर करायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि ठणठणीत आवाजात सांगायचे. दुपारपर्यंत बटण लावायचंही त्यांनी सोडून दिलं. ते बघता बघता मला भाजीबाजार आठवला. बँकेचे ते साहेब, देवळाच्या पायरीवरचे डॉक्टर, भाजी घेणाऱ्या बाई. आप्पा ज्यांना ज्यांना अडवून वेळ विचारायचे, ती सगळी मनगटं कधी ना कधी त्या कापलेल्या कफातून गेलेली होती. आणि घाईत असूनही कुणी कधी वैतागलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट, आणि मी उलटतपासणी घेऊनही ती माझ्या हाताला लागली नव्हती. त्यांच्या हातात घड्याळ असतं, तर त्यांनी लोकांना विचारलं कसं असतं?

आता मी ती खोली सोडली, दोन गल्ल्या पलीकडं राहते. आप्पांचा पुठ्ठा आणि कफ चालू आहेत, मनगट मोकळंच आहे. आणि रोज साडेचारला, शाळा सुटायच्या वेळेला, निपाणीत बाबांचा फोन वाजतो.

मागच्या रविवारी मी निपाणीला होते. साडेचार झाले, फोन आला नाही. बाबा येरझाऱ्या घालू लागले. शेवटी त्यांनी स्वतःच फोन लावला. आप्पांचा डोळा लागला होता म्हणे.

"मास्तर, आज टाईम इचारला न्हाईसा," बाबा म्हणाले, आणि एका हातानं फोन कानाशी धरून, दुसरं मनगट डोळ्यांसमोर घेऊन, पलीकडून प्रश्न यायची वाट बघत उभे राहिले.